हजेरी कापायची की वेळ बदलायची?

या वेळचं पत्र बडोद्यातल्या एका ताईंचं आहे. त्यांचं नाव, संस्थेचं नाव, एरिया सगळं काढून टाकलंय. बरीच वर्षं हायस्कूलमध्ये शिकवून, मग मुख्याध्यापिका होऊन त्या रिटायर झाल्या आणि एका ट्रस्टने त्यांना आपलं व्यवसाय शिक्षण केंद्र सांभाळायला बोलावलं. तिथे दोन ट्रेड सरकारी मान्यतेचे आहेत, बाकी मोटर रिवाइंडिंग (जळालेल्या मोटरमध्ये नवी तार भरणं), शिवणकाम, फ्रिज-एसी रिपेअरिंग असे ट्रस्टचे स्वतःचे सर्टिफिकेट कोर्स. त्या आल्या तेव्हा कोणी कधीही येतंय, कधीही जातंय अशी अवस्था होती. म्हणून त्यांनी आठला बेल, आठ दहाला गेट बंद, बायोमेट्रिक हजेरी, तीन लेट म्हणजे एक गैरहजेरी आणि सलग पंधरा दिवस आला नाही तर नाव कमी, असे नियम लावले. ट्रस्टी खूश झाले, पण नवरात्रीनंतर वर्ग निम्मे झाले. नाव कमी केलेला एक मुलगा त्यांना मकरपुऱ्यात एका दुकानात मोटर भरताना दिसला आणि त्याचा हात वर्गात रोज येणाऱ्या मुलांपेक्षा चांगला चालत होता. शिवणाच्या क्लासमधली एक मुलगी काहीच न बोलता यायची बंद झाली, नंतर कळलं की धाकट्या भावाला शाळेतून आणायचं काम तिच्याकडे आहे. वर, वाइंडिंगचे जुने सर मुलं नसताना प्रॅक्टिकलच्या रजिस्टरमध्ये त्यांची हजेरी लावतात हेही कळलं. ताई विचारतात, "नियम ढिले केले तर ही शाळा राहील का? आणि सरांवर कारवाई करू की नको?"

ताई, तुम्ही आलात तेव्हा तिथे जे चाललं होतं त्याला फ्लेक्सिबल कोणी म्हणणार नाही, तो नुसता ढिसाळ कारभार होता. कोण आलं, कोण नाही आलं, कोणाला किती येतं, कुणालाच माहीत नव्हतं. त्याला आवर घातलात ते चांगलंच केलंत, त्याबद्दल मनात काही ठेवू नका. फक्त आवर घालताना तुम्ही हायस्कूलचं टाइमटेबल जसंच्या तसं इथे आणलंत आणि तिथेच अडलंय, कारण या मुलांचा दिवस हायस्कूलच्या मुलांसारखा नसतो. हायस्कूलच्या मुलाला शाळेत जाणं हेच काम. तुमच्याकडचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा बऱ्याचदा घरात पैसे आणणारा दुसरा माणूस असतो. बडोद्याची नवरात्र तुम्हाला मी काय सांगू, लाइटिंग, साउंड, मंडप, सगळीकडे वायरिंग येणारी पोरं लागतात आणि रात्रभर लागतात, मग सकाळी आठला ते पोरगं गेटवर कुठून येणार. पुढे कमुरता (डिसेंबर-जानेवारीतला लग्नं वर्ज्य असलेला महिना) उठला की लग्नं, मार्च लागला की पंखे, कूलर, एसी. म्हणजे मुलांच्या धंद्याचं एक कॅलेंडर आहे आणि ते तुमच्या कॅलेंडरवर वर्षातून चार-पाच वेळा आपटतंच. दर वेळी मुलाने त्याचं सोडून तुमचं धरावं ही अपेक्षा असेल तर वर्ग निम्मा झाला यात मला तरी नवल वाटत नाही.

तुमच्या पत्रात शिस्त हा शब्द खूप वेळा येतो. त्यावर जरा थांबून बोलू या, कारण शिस्त हवीच, मी त्याच्या विरुद्ध अजिबात नाही. पण गेटवर आठ वाजता हजर असणं ही त्या धंद्यातली एक शिस्त झाली, आणि खरं सांगू का, सगळ्यात छोटी. मेन स्विच बंद करून टेस्टर लावून बघितल्याशिवाय वायरला हात न लावणं, ग्राइंडरवर बसताना गॉगल घालणं, काम झाल्यावर पाने-पकडी जागेवर ठेवणं, गिऱ्हाइकाला दिलेल्या दिवशी काम देणं, चुकलेला जॉब लपवून न ठेवता सरांना दाखवणं, या शिस्तीवर त्या मुलाचा पुढे जीव आणि पोट दोन्ही अवलंबून आहे. यातलं किती तुमच्या रजिस्टरमध्ये नोंदलं जातं? बायोमेट्रिक मशीनला फक्त अंगठा कळतो. जो मुलगा आठला अंगठा लावून दुपारपर्यंत टेबलावर डोकं ठेवून पडला तो तुमच्या हिशोबात शंभर टक्के हजर आहे.

आणि बेलचंही बघा. मोटर भरायला घेतली की आधी जुनं वाइंडिंग काढायचं, काढताना तारेचा गेज आणि किती टर्न आहेत ते लिहून घ्यायचं, नाहीतर पुढे सगळंच चुकतं. मग स्लॉट साफ करून त्यात इन्सुलेशन पेपर बसवायचा, फॉर्म्यावर कॉइल गुंडाळायच्या, एकेक तार इनॅमल न खरवडता स्लॉटमध्ये उतरवायची, कनेक्शन करून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बघायचं की बॉडीला कुठे लागत तर नाही, आणि मग वार्निश मारून वाळवायचं. यात चाळीस मिनिटांची तासिका कुठे बसते? मूल कॉइल उतरवत असतं आणि बेल होते, तो जॉब तसाच सोडून थिअरीला पळायचं, परत आल्यावर तार सैल झालेली असते नाहीतर कोणीतरी टेबल रिकामं करून ठेवलेलं असतं. असं दोन-चारदा झालं की मुलाला वाटतं यापेक्षा दुकानात बरं शिकायला मिळतं, आणि ते चूक नसतं. त्यामुळे सगळ्यात पहिला बदल मी मुलांच्या हजेरीत करायला सांगणार नाही, टाइमटेबलमध्ये करा. प्रॅक्टिकल सलग तीन-चार तासांचं ठेवा, बेल त्या दिवशी वाजूच देऊ नका, थिअरी आठवड्यातून ठरावीक दोन दिवस घ्या. याला ना पैसे लागतात ना कोणाची परवानगी.

तुम्हाला वाटतंय की फ्लेक्सिबल झालो तर संस्थेची शान जाईल. ताई, आपल्याच गावातलं बघा ना. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केलं, आजच्या युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीचं मूळ तेच. त्याचे पहिले प्रिन्सिपल त्रिभुवनदास गज्जर, स्वतः केमिस्ट, आणि कापडाचं रंगकाम, विणकाम, सुतारकाम असले विषय मुलांना त्यांच्या भाषेत शिकवता आले पाहिजेत म्हणून आग्रह धरणारे. त्यांच्याकडे जेजे स्कूलमधून एक विद्यार्थी आला होता, धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे पुढचे दादासाहेब फाळके. आला चित्रकलेसाठी आणि ओढा लागला फोटोग्राफीचा. गज्जरांनी त्याला संस्थेचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायला दिली, आणि ब्लॉकमेकिंग, फोटो छपाई शिकायला रतलामला पाठवलं. तुझा विषय हा नाही, स्टुडिओची किल्ली तुला मिळणार नाही, असं सांगून ते फाइल बंद करू शकले असते, आणि कुठल्याही ऑफिसच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हतं. हे सगळं चाललं ते एका संस्थानच्या सरकारी पैशावर उभ्या राहिलेल्या संस्थेत, आणि कलाभवनची शान त्यामुळे गेली असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

आता सरांचं. मुलं नसताना हजेरी लावणं चूक आहे, ते चालवून घेऊ नका. सरकारी ट्रेडमध्ये तर ती सरळ खोटी नोंद आहे आणि तपासणीत सापडली तर अख्ख्या बॅचचं नुकसान होईल. पण कारवाईच्या आधी त्यांच्याबरोबर दार बंद करून बसा आणि विचारा की कोणाकोणाची लावली आणि का लावली. मला खात्री आहे की ते एकेका मुलाचं नाव घेऊन सांगतील, याचे वडील आजारी आहेत, हा रात्रपाळीला जातो, त्याला काम मिळालंय पण यायची इच्छा आहे. म्हणजे जी माहिती ऑफिसकडे असायला हवी होती ती फक्त एका माणसाच्या डोक्यात आहे. ती कागदावर घ्या.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त खुपते ती गोष्ट वेगळीच आहे. सरांची सवलत मिळाली कोणाला? जो मुलगा सरांच्या जवळचा, जो धीर करून बोलू शकतो, त्याला. शिवणातली ती मुलगी कोणाकडे गेली नाही, तिने विचारलं नाही, म्हणून तिला काहीच मिळालं नाही आणि ती घरी बसली. कोणाच्या तरी मेहेरबानीवर चालणारी सवलत नेहमी अशीच वाटली जाते, बोलक्याला मिळते आणि मुका राहतो. म्हणून जे काय लवचिक करायचं ते नियमातच लिहा. कोणी मागायला यायची वाटच बघू नका, अॅडमिशनच्या फॉर्मवरच रकाने ठेवा: काम करतोस का, कुठे, किती वाजल्यापासून, घरी कोणाची जबाबदारी आहे, वर्षात कुठल्या महिन्यात यायला जमणार नाही. सगळ्यांना तेच प्रश्न. मग त्या मुलीला ऑफिसमध्ये येऊन डोळ्यांत पाणी आणून सांगायची वेळच येणार नाही, तिला पहिल्याच दिवशी साडेआठ ते साडेअकराच्या बॅचला बसवता येईल.

एक हद्द मात्र स्पष्ट आहे. सरकारी मान्यतेच्या ट्रेडला ऑल इंडिया परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, ती तुम्ही वाकवू शकत नाही आणि वाकवायचा प्रयत्नही करू नका. तिथे मोकळीक वेगळ्या जागी आहे. एकाच वर्कशॉपवर दोन शिफ्टमध्ये बॅच चालवायची पद्धत आयटीआयमध्ये जुनीच आहे, रात्रपाळीवाल्याला दुपारची बॅच मिळाली तरी अर्धं भांडण मिटतं. दुसरं म्हणजे ड्युअल सिस्टिम, त्यात कोर्सचे काही महिने मुलगा करार केलेल्या कारखान्यात शिकतो आणि ते शिक्षणातच धरलं जातं. मकरपुरा, वाघोडिया, सावली एवढ्या औद्योगिक वसाहती आजूबाजूला असताना त्यासाठी एखादी कंपनी मिळणं अवघड जाऊ नये. आणि अॅडमिशनच्या दिवशीच आईवडिलांना बसवून ८० टक्के म्हणजे किती दिवस, किती सुट्ट्या परवडतात, हे आकड्यात सांगा. सहा महिन्यांनी नोटीस पाठवून सांगण्यात काही अर्थ नाही.

ट्रस्टच्या स्वतःच्या कोर्समध्ये मात्र तुमच्या हातात खूप आहे. वर्षाचा एक गठ्ठा करण्यापेक्षा कोर्सचे तुकडे करा. वाइंडिंगचं म्हणाल तर पंख्याचं वाइंडिंग एक तुकडा, पाण्याच्या सिंगल फेज मोटरचं दुसरा, थ्री फेजचं तिसरा, टेस्टिंग आणि फॉल्ट शोधणं चौथा. प्रत्येक तुकड्याची वेगळी प्रॅक्टिकल परीक्षा, पास झाला की तेवढ्याचा कागद हातात. मुलगा नवरात्रीला गेला तर पंख्यापर्यंतचं त्याचं पक्कं झालेलं असतं, दिवाळीनंतर येऊन पुढून सुरू करतो, अख्खं वर्ष बुडत नाही. सरकारची ओपन स्कूल, एनआयओएस (पूर्वीची नॅशनल ओपन स्कूल), हेच करते, तिथे एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि पास झालेले विषय जमा राहतात, दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षा असूनसुद्धा. मग मोटरच्या कोर्सला जूनमध्ये आलास तर एप्रिललाच सुटशील असा हट्ट कशासाठी?

यासाठी एक गोष्ट लागते आणि ती कंटाळवाणी आहे, नोंदी. प्रत्येक मुलाचं एक जॉब कार्ड. कुठला जॉब कधी घेतला, कधी पुरा केला, मेगरला काय रीडिंग आलं, काय चुकलं, सरांची सही. आज तुमची क्लार्क मुलं मोजते, उद्या तिला प्रत्येक मुलगा कुठल्या तुकड्यावर आहे ते सांभाळायला लागेल, हे काम जास्त आहे, कमी नाही. ज्यांना वाटतं की मोकळीक दिली की ऑफिसचं काम हलकं होतं त्यांनी हे कधी केलेलं नसतं. पण ताई, हायस्कूल चालवलेल्या बाईला रजिस्टर नीट ठेवणं मी काय शिकवणार, तुमची ती जुनी सवय इथे फार उपयोगी पडणार आहे.

अडचणीही सांगते. संध्याकाळची बॅच सगळ्यांना सुचते, पण त्याआधी बघा की वर्कशॉपमध्ये त्या वेळी शिकलेला माणूस हजर असेल का, कारण चालू मशीनवर मुलं एकटी सोडणं कुठल्याही कारणाने चालणार नाही. मुलींना रात्री घरी सोडायचं कोण बघणार? सरांना सकाळी आठ ते रात्री आठ थांबवून ठेवणार असाल तर ते दोन महिन्यांत सोडून जातील, त्यांचे तासही तेवढेच राहिले पाहिजेत, उशिरा आले तर सकाळी सुट्टी. आणि सगळी मुलं कामाला जात नाहीत. काही पोरं घरी नुसती मोबाइल घेऊन पडलेली असतात, त्यांच्यासाठी आठची बेलच बरी आहे, त्यांना बांधून ठेवणारं दुसरं काहीच नसतं. म्हणून सरसकट काही बदलू नका. नेहमीची बॅच आहे तशी चालू दे, आणि ज्याने फॉर्मवर कारण लिहिलंय, ते एकदा फोन करून खरं आहे का बघितलंय, त्याला दुसरी वेळ द्या. खोटं सांगणारे थोडे निघतीलच, त्यांच्यामुळे बाकीच्यांचं बंद करू नका.

तो मकरपुऱ्यातला मुलगा. त्याला परत आणा, पण ये आणि पहिल्यापासून बस असं सांगू नका. त्याला जे येतं त्याची परीक्षा घ्या, येत असलेल्या तुकड्यांवर सही करा आणि जिथे कच्चा आहे तिथून पुढे शिकवा. आधीच आलेलं कौशल्य तपासून मान्य करायची सोय सरकारच्या कौशल्य विकास योजनेतही आहे, त्यामुळे हे काही जगावेगळं नाही. माझा अंदाज आहे की हात तयार असेल पण कनेक्शन डायग्राम वाचता येत नसेल, कारण दुकानात तेवढा वेळ कोणी देत नाही.

पण त्याआधी त्या दुकानात एकदा जाऊन या. शिकतोय ना, मग पैसे कसले, असं म्हणून पोरांना फुकटात राबवणारे मालकही असतात, आणि सगळी मोकळीक मालकाच्या सोयीची होऊन बसते. वय विचारा, अठराच्या आतला असेल तर त्याला धोक्याच्या कामाला लावता येत नाही. मालक बरा असेल तर त्याला अप्रेंटिसशिपचं सांगा. चार किंवा जास्त माणसं असलेली जागा अप्रेंटिस घेऊ शकते, तीस किंवा जास्त असतील तर घ्यावाच लागतो. रीतसर करार झाला की मुलाला स्टायपेंड मिळतो, त्यातला काही भाग सरकार देतं, आणि शेवटी हातात कागद येतो. बऱ्याच छोट्या दुकानदारांना हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं हे फक्त मोठ्या कंपन्यांचं. तुमच्या ऑफिसमधून कोणी अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर फॉर्म भरून दिला तर ते तयार होतात, त्यांना भीती असते ती फॉर्मची.

राहता राहिले ट्रस्टी. त्यांच्यासमोर फ्लेक्सिबिलिटी वगैरे बोलायला जाऊ नका, त्यांना ढिलाईच ऐकू येईल. नाव कमी केलेल्या मुलांची यादी घेऊन जा, प्रत्येकासमोर तो आज काय करतो ते लिहिलेलं असू दे. त्यासाठी फोन करायला लागतील, दोन-तीन संध्याकाळी जातील, पण ही यादी कोणाच्याही भाषणापेक्षा जास्त बोलते. किती जण त्याच धंद्यात काम करतायत हे दिसलं की प्रश्न आपोआप येतो, मग आपल्याकडे का नाहीत? तेव्हा सांगा की एकच कोर्स, वाइंडिंगचा, दिवाळीपासून होळीपर्यंत या पद्धतीने चालवून बघू या, बाकी सगळं जसंच्या तसं. किती जणांनी सुरू केलं, किती जणांनी किती तुकडे पास केले, मध्ये गेलेले किती परत आले, एवढेच आकडे दर महिन्याला मीटिंगमध्ये ठेवा. आकडे वाईट आले तर बंद करायची तयारीही ठेवा.

आणि ती बॅच चालवायला त्याच सरांना द्या. हजेरीबद्दल जे बोलायचं ते आधी स्पष्ट बोलून घ्या, यापुढे खोटी सही नाही, ज्याला सूट द्यायची त्याचं नाव आणि कारण ऑफिसमध्ये लेखी, आणि मग जॉब कार्ड कसं असावं ते त्यांनाच बनवायला सांगा. कंपनीत आयुष्य काढलेला माणूस आहे, कुठल्या जॉबला किती वेळ लागतो आणि कुठे मुलं चुकतात हे त्यांच्याइतकं तुम्हाला किंवा मला माहीत नाही.